रिकाम्या गोदामाचा विमा

सभेचे अध्यक्ष माननीय निलेशजी, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, पेण-रोह्याच्या गिरणी संघाचे सभासद, जमलेल्या माताभगिनींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती, आमचे मावळते अध्यक्ष दत्तात्रेयशेठ,

शेठजी रोहा सोडून कायमचे पनवेलला निघाले. प्रकृतीला तिथली हवा मानवते म्हणे. त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला संघाने मलाच का सांगितलं असेल? बहुधा माझी पोह्यांची गिरणी वरसे इथं त्यांच्या गोदामाला खेटून होती म्हणून. शेजाऱ्याइतकी ऊब दुसऱ्या कुणाला मिळते?

शेठजी फार कनवाळू, हे आधी सांगते. त्यांचा राखणदार हिरामण मूळचा धरमतरकडचा. गोदामाच्या ओट्यावरच राहायचा. गणपतीलासुद्धा त्याला सुट्टी नसे. पण गेल्या वर्षी मार्चमध्ये शेठजी आपणहून म्हणाले, "हिरामण, जा, लेकीला भेटून ये. दोन दिवस राहा." मी तिथेच उभी होते. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोदाम पेटलं.

वारा माझ्या गिरणीकडे वाहत होता. माझ्या छपराने पेट घेतला, मग पोत्यांनी. आम्ही बायका बादल्या घेऊन धावत होतो. शेठजी रस्त्यापलीकडे उभे होते. इतके शांत की मला वाटलं, धक्का बसलाय. तेवढ्यात रिक्षातून हिरामण उतरला. लेकीकडून एक दिवस आधीच परत आला होता. हातात चिंबोऱ्यांची पिशवी, शेठजींसाठी आणलेली. पिशवी टाकली आणि "शेटचा माल हाय आत" म्हणत तो थेट गोदामात शिरला.

अडवायला मी होते लांब. शेठजी होते दहा पावलांवर. ते काही बोलले नाहीत. मोठी माणसं मितभाषी असतात.

अग्निशमनवाल्यांनी हिरामणला बाहेर काढलं, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. तो एकच सांगत होता, "आत पोती नाय. एक पन नाय."

मग विमा कंपनीच्या सर्वेक्षक किमयाताई आल्या. माझ्या गिरणीतला पोह्यांचा ढीग आठवडाभर आतून धुमसत होता. शेजारी शेठजींच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या दसपट माल, आणि तो संध्याकाळपर्यंत थंड. ताईंनी विचारलं, "शेठ, एवढ्या मालाची राख कुठे गेली?" शेठजी म्हणाले, "वाऱ्यानं उडाली." ताईंनी मान डोलावली आणि खांब गावी शेठजींच्या मेव्हण्याच्या शेडवर गेल्या. तिथं शेठजींचा माल सुखरूप होता. वाऱ्याने राखेचे पुन्हा पोहे करून, पोत्यांत भरून, शिवूनसुद्धा ठेवले होते.

शेठजींचा दावा फेटाळला गेला. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, खटला उभा राहायचा आहे, तेव्हा मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त गौरव करते आहे.

त्यांचं योगदान दूरवर पोचलंय. कंपनीने आमच्या सगळ्या ओळीला धोक्याची जागा ठरवलं. पेणच्या गिरणीवाल्यांनी ती आग पाहिलीसुद्धा नाही, पण विम्याचा हप्ता त्यांचाही वाढला. दोघांचा विमा कंपनीने नाकारला. विमा नाही म्हणून बँकेने कर्ज नाकारलं, आणि गिरण्यांना कुलपं लागली. मला भरपाईबद्दल कंपनीकडून सांगण्यात आलं, "बाई, तुमच्यावर संशय नाही, पण भिंत एकच आहे. तपास संपेपर्यंत थांबा." मी थांबले. नव्या भाताचा हंगाम गेला. माझ्याकडच्या बायजाबाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायला लागल्या. भरपाई आली, गिरणी पुन्हा सुरू झाली, तेव्हा त्यांना बोलवायला गेले. म्हणाल्या, "नको गो अनिता. परत पेटली म्हंजे?"

आता शाल-श्रीफळ. संघाचा रिवाज आहे, मोडता येत नाही. त्याआधी एक निरोप पोचवते. हिरामण मागे दारापाशी बसलाय. त्याची बोटं मिटत नाहीत, पण टाळ्या वाजवल्या नाहीत त्या त्यामुळे नव्हे. पोलीस, विमा, खटला यांतलं त्याने मला काही विचारलं नाही. येताना एवढंच म्हणाला, "शेटला म्हाईत व्हतं ना, आत काय नाय. मंग मी शिरताना मना हाक का नाय मारली?"

शेठजी, हाक मारली असती तर दावा बुडाला असता, हे मी त्याला समजावू शकले असते. मला ते तोंडातून काढवलं नाही. तुम्ही पनवेलला जाण्यापूर्वी सांगा. दार तिकडेच आहे, जाताना त्याच्यासमोरूनच जावं लागेल.

अध्यक्षमहाराज, बोलायची संधी दिलीत, सभेने शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे आभार. माझ्या शब्दांत जे अधिक-उणं झालं असेल ते आपलं मानून सोडून द्या. हिरामणचे शब्द मात्र मी जसेच्या तसे सांगितलेत, त्यांची माफी मी मागत नाही. नमस्कार.