मास्तरांच्या बाज्यातलं गाव

सगळ्यात आधी आली ती सोनईची मार्थाआत्या. पहिल्या एसटीनं, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. तिच्यामागून आली एक पँट घातलेली पोरगी आणि पांढऱ्या दाढीचा एक माणूस. आम्हाला वाटलं, मुंबईकडचे नातेवाईक असतील. मार्थाआत्या त्या पोरीच्या गळ्यात पडून रडायला लागली, तर ती पोरगीही रडली. चांगली पाच मिनिटं रडली. मग डोळे पुसून हळूच मला विचारते, "आजी, झालंय काय?"

ही मास्तरांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. या, पुढं या बाबांनो, मागं उन्हात कशाला उभं राहता. इतकी माणसं या देवळात मी नाताळातच बघितली. मास्तरांना बरं वाटलं असतं. म्हणाले असते, "ठकू वहिनी, आज दांडा जोरात मारा, माणसं जास्त हायेत."

पाळकसाहेब म्हणाले, मास्तरांवर दोन शब्द बोला. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. चाळीस वर्षं मी शमुवेल मास्तरांच्या पाठीमागं उभी राहिले, आणि तिथं बोलायचं नसतं, वारा घालायचा असतो. पण रूथबाई, तुमच्या घरधन्याबद्दल नुसतं रडून बोलणं मला जमणार नाही. मला त्या माणसाचं नवलच वाटत आलं. तेच सांगते.

नव्या सुनांसाठी सांगते. हा समोर रिकामा लाकडी सांगाडा दिसतो ना, कपाटासारखा, तो बाजा. आपल्या भजनाच्या पेटीचा आजाच म्हणा. मिशनच्या साहेबानं बोटीतून आणला, पुढं बैलगाडीतून. पेटीला वाजवणारा स्वतःच वारा घालतो, याला मागं वेगळा माणूस लागतो. त्यानं दांडा खालीवर करायचा, भाता भरायचा. मास्तर पुढं पट्टी दाबणार, की वारा त्या पट्टीच्या नळीत शिरून बोलणार. काही नळ्या माझ्या दुप्पट उंच, काही करंगळीएवढ्या.

दांड्यावर आधी सखाराम होता. पण दिवाळी झाली की तो ऊस तोडायला राहुरीकडं जायचा, आणि नाताळाला नेमका फडात. मास्तर दर नाताळाला माणूस शोधत हिंडायचे. एका वर्षी आमच्या दारात आले. आम्ही काही तुमच्या मंडळीतले नाही, शेजारच्या वस्तीवरचे. सासूनं विचारलं, "काम काय हाय मास्तर?" ते म्हणाले, "वारा घालायचाय." सासू मला म्हणाली, "मंग जा की. वाऱ्याला कुठं धरम असतोय व्हय?"

पहिला सूर निघाला आणि मी दांडाच सोडला. काय सांगू तुम्हाला? तो आवाज कानात आलाच नाही. तळपायात आला. फरशीतून चढला, गुडघ्यात आला, पोटात आला, दातात येऊन थांबला. मला वाटलं, भिंत बोलायला लागली. दांडा सुटला तशी ती भिंत विव्हळत खाली बसली. मास्तरांनी मागं वळूनही बघितलं नाही. म्हणाले, "वहिनी, गोळ्याकडं बघा." भात्याला दोरीनं शिशाचा गोळा टांगलेला असतो. भाता भरला की गोळा खाली, रिता झाला की वर. रेघेच्या वर जाऊ द्यायचा नाही. चाळीस वर्षं मी तो गोळा बघितला. मास्तरांचं तोंड कमी बघितलं, गोळा जास्त.

आता आमचा गुन्हा सांगते. आज सांगायलाच पाहिजे.

दोन-तीन वर्षांनी, नाताळाच्या तोंडावर, आम्ही बायांनी देऊळ झाडायला काढलं. नळ्या काळवंडलेल्या. मी म्हणाले, "तांब्याचा हंडा आपण असा ठेवू का?" बाया म्हणाल्या, न्हाई. मग काय, सगळ्या नळ्या उपसल्या, विहिरीवर नेल्या. चिंच, राख, विटेची भुकटी. अशा घासल्या की तोंड दिसावं. पायापाशी बारीक ओरखडे होते, तेही घासून काढले. वाळवून परत लावल्या, शाळेतली पोरं उभी करतात तशा, उंचीप्रमाणे. जी बसेना तिला दाबून बसवली.

ते ओरखडे नव्हते बायांनो. अक्षरं होती. कुठली नळी कुठल्या भोकात, त्याची.

नाताळाच्या सकाळी मास्तरांनी बोट ठेवलं, आणि जे काही निघालं त्याला मी आवाज म्हणणार नाही. मास्तर उठून बाहेर लिंबाखाली गेले. तोंडावर रुमाल. रडताहेत का हसताहेत, कळेना. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "पहिल्यांदाच इतका स्वच्छ झालाय बिचारा." त्या दिवशी भजन ढोलकी-टाळावर झालं.

मग उन्हाळाभर आम्ही दोघं बसलो. मी वारा घालायचा, त्यांनी एकेक नळी लावून ऐकायची. कुठली कापायची, कुठं पत्रा जोडायचा. म्हणाले, "वहिनी, अक्षरं परत कोरली तर तुम्हाला वाचता येतील का?" मी म्हणाले, न्हाई. "मग नावं ठेवू." आणि त्यांनी गावच बसवलं आत. पंगत बसवावी तसं. डाव्या कोपऱ्यात थोरली लाकडी, ती सरपंच, कारण उशिरा बोलते आणि मग थांबत नाही. तिच्याशेजारी देवराम सुतार, जरा घोगरा. मी विचारलं, "आणि रूथबाई कुठली?" ते म्हणाले, "ती मधली. पट्टी सोडली तरी वाजत राहते ती." रूथबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "ऐकतेय मी." हसताय ना रूथबाई? हसा. ते तसेच होते.

विचार करा. देवराम सुतार गेले, सरपंच गेले, माझी सासू गेली. पण मास्तरांनी दहा बोटं ठेवली की सगळे एकदम बोलायचे, आणि भांडायचे नाहीत. असं गाव कुणी बघितलंय का? मी ऐकलंय. माझ्या हातानं वारा घालून ऐकलंय.

छत गळायला लागलं तेव्हा मास्तरांनी नळ्या काढून जुन्या लुगड्यांत गुंडाळल्या, खोक्यांत ठेवल्या. छत झालं, तोवर भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं. मास्तरांनी मुंबईला पत्र टाकलं. माणसं आली, तर मास्तर मातीत. ती पँटवाली पोरगी, ती जुने बाजे दुरुस्त करते. खोकी उघडून म्हणाली, "आजी, यावर काहीच लिहिलेलं नाही. मापं घ्यावीत तर कितीतरी नळ्या कापलेल्या. कारखान्यात न्यावं लागेल." पाळकसाहेब म्हणाले, न्या. मी विचारलं, "परत कधी आणाल?" ती खोकी मोजायला लागली.

मी एका नळीभोवतीचं लुगडं सोडलं, नळी तोंडाला लावली, फुंकली. म्हणाले, "हा देवराम. सरपंचाशेजारी." पोरीनं चिठ्ठी लिहिली. दुसरी फुंकली. म्हणाले, "ही माझी सासू." दोन दिवस आम्ही तेच केलं. दाढीवाला बाबा मांडी घालून बसला होता, त्याला आपली भाषा येत नाही, तो नुसता हात जोडत होता.

पण शेवटचं खोकं राहिलं. करंगळीएवढ्या नळ्यांचं. मी फुंकते, आणि मला काही ऐकू येत नाही. पोरगी म्हणते वाजतेय. वय झालं, बारीक आवाज माझ्या कानातून निघून गेलेत. त्या नळ्यांना मास्तरांनी तेव्हाच्या शाळेतल्या पोरांची नावं दिली होती. एकेकाला इथं उभं करून ओरडायला लावलं होतं आणि तसा सूर लावला होता. ती पोरं तुम्हीच. टेम्पोवाला विठ्ठल, तू. सुलभा, तू. आज केस पिकलेत तुमचे.

त्या नळ्यांची जागा लागली तर बाजा इथंच दुरुस्त होईल, असं पोरीनं कबूल केलंय. नाही लागली तर तो जाईल.

तेव्हा आता सगळ्यांनी उभं राहा. मास्तरांसाठी शांत राहू. खोकायचं नाही, मोबाईल बंद करा. मी एकेक नळी फुंकणार आहे. मला ऐकू येणार नाही, तुम्हाला येईल. ज्याला आपली नळी ओळखू येईल त्यानं हात वर करायचा आणि नाव सांगायचं. सुलभा, चिठ्ठ्या तू लिही.

मुंबईचे पाहुणे नवं चामडं घेऊन येत्या गुरुवारी येतो म्हणालेत, तोवर सगळ्या चिठ्ठ्या लागल्या पाहिजेत.