उसनी मावशी

—तेवढंच म्हणतेय मी, तुझ्या भाच्यांसाठी मागून झालं की माझ्या नुमेरिअससाठीही एकदा माग. मावशी होऊन. तू त्याची मावशी नाहीस हे मला कळतं, म्हातारी झालेय, वेडी नाही. पण ही मातूतामाई आईचं ऐकतच नाही—रोमभरच्या देवी आयांचं ऐकतात, हिला मावशीच लागते. माय मरो, मावशी उरो, ते हिच्याच दारात. आणि पोर माझं राईन नदीकाठच्या छावणीत तापानं पडलंय, परवाच निरोप आला.

सख्खी मावशी? आहे की. ती काय, खांबाशी, पिवळी शाल. धाकटी माझी. वर्ष झालं, बोलत नाही. का म्हणजे—गेल्या वर्षी याच सणाला, दासीला देवळात आणून थोबाडीत देऊन हाकलतात ना, तेव्हा हिनं हात उगारला, दासी दरवर्षीची, तयारीची, ती वाकली, आणि चपराक बसली मला. बसली तर बसली. पण जिनं चपराक खाल्ली तिला बाहेर काढायचं ही रीत—बायकांनी मलाच धरलं, ढकलत ढकलत थेट गुरांच्या बाजारात. मी ओरडतेय, अगं मी घरंदाज बाई, हातात नैवेद्याची पोळी—चेहरा कोण बघतो? दासी आतच राहिली. प्रसादही खाल्लान म्हणे.

तर हिच्या पोरासाठी, स्पुरिअससाठी मागायचं माझं राहिलं, आणि तो छपरावरून पडला. आता एवढा घोडा कबुतरं धरायला छपरावर चढतो, त्यात माझा काय दोष? पण ही म्हणते, तू मुद्दाम मार खाल्लास. मुद्दाम. आणि शपथ घेतली, देवीपुढं नुमेरिअसचं नाव घेणार नाही. मी म्हटलं, नको घेऊस, बहिणी काय, देवळाच्या पायरीपायरीला मिळतात. हसू नकोस. काल गेले होते तिच्या दाराशी. कडी वाजवली नाही, इतकंच. हात उचलला होता, पण—ते जाऊ दे. तू नीट माग. पोरगा डावखुरा, नाक वाकडं, हे सांग, नाहीतर माई भलत्यालाच बरं करेल.

आत गेली बघ ती पिवळी शाल. जाऊ दे. आपण—

थांब. गप्प बस जरा.

ऐकतेस ना? देवीवर कसली खेकसतेय—“नुमेरिअस. डावखुरा. वाकड्या नाकाचा. माझ्या त्या हलकट बहिणीचा.”

ऊठ. ही तुझी पोळी धर. तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. वाट दे, मला आत जायचंय, तिच्या त्या गाढवासाठी मागायचंय. तिच्याहून मोठ्यानं.