वाहक

बाबा : बघ ना, रकानाच चुकलाय. तपासणी नातीची, आणि छापलंय काय, तर वाहक. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं मी फाडली. दीड वर्षाची पोर कसली वाहक?

धाकटी : रिपोर्ट मिळाला कधी तुम्हाला?

बाबा : परवा. ताईला सांगितलं, अजून आला नाही. खाली लाल रेघ दिसली आणि कागद घडी करून खिशात टाकला मी. आपला दादा रक्ताच्या आजाराने नववं लागायच्या आत गेला. तू लॅबमध्ये असतेस, तू सांग. तेच आहे का?

धाकटी : नाही.

बाबा : मला बरं वाटावं म्हणून नको बोलूस.

धाकटी : बसा आधी. रक्तात प्राणवायू वाहणारं प्रथिन असतं. ती बस समजा. अमिनो आम्लं म्हणजे तिचे प्रवासी, ठरल्या क्रमाने चढणारे. काहींना पाणी आवडतं, ते खिडकी धरतात. काहींना पाण्याचं वावडं, ते आत सरकतात. त्या सरकासरकीतूनच बसचा आकार ठरतो.

बाबा : प्रवाशांवरून गाडीचा आकार? हे कुठलं आगार म्हणायचं?

धाकटी : रक्तातलं. दादाच्या सहाव्या सीटवर भलताच बसला होता. पाण्याचं वावडं आणि जागा खिडकीची. मग तो शेजारच्या बसलाच धरायचा. बसला बस चिकटली, की रस्ता तुंबला.

बाबा : एका प्रवाशापायी?

धाकटी : एकाच.

बाबा : आणि पोरीचं काय?

धाकटी : हा क्रम प्रत्येकाला दोनदा मिळतो. एक आईकडून, एक वडिलांकडून. दादाचे दोन्ही बिघडलेले होते. हिचा एकच, भावोजींकडचा धड आहे. निम्म्याहून जास्त बस ठीक आहेत हिच्या, रस्ता तुंबत नाही. हिला आजार नाही बाबा, तो नुसता बरोबर घेऊन फिरतेय. त्यालाच वाहक म्हणतात.

बाबा : (चष्मा काढून) म्हणजे दादाला मिळालेल्या दोनातला एक माझा.

धाकटी : एक तुमचा, एक आईचा. तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?

बाबा : कुणी सांगितलंच नाही गं. मी सत्तर गाठली, मला कधी काही जाणवलं नाही.

धाकटी : तशीच हीसुद्धा म्हातारी होईल. लग्न ठरेल तेव्हा मुलाची तपासणी तेवढी विसरायची नाही.

बाबा : तोवर मी कुठला असायला. तू लक्षात ठेव. आणि फोन लाव ताईला, दोन दिवस धड जेवली नसेल.

धाकटी : घ्या, तुम्हीच बोला.

बाबा : ताई, रिपोर्ट आला. अगं, रडू नकोस, ऐक तर. पोरगी माझ्यावर गेलीय.