झोळी टोलीत, खांब गावात

माझ्या घरून जप्त केलेली झोळी तुमच्या त्या कपाटात घडी करून ठेवली आहे आणि माझा नवरा तिकडे घरी ओल्या चादरीवर पडून आहे. आधी हे लिहा, नावगाव मागून लिहा, असे मी म्हटले. नावाशिवाय जबाब होत नाही असे जमादार साहेबांनी सांगितले, म्हणून नाव सांगते.

मी यशोदाबाई उमराव कापगते, वय अंदाजे ५१ वर्षे, शिक्षण दुसरी, धंदा मजुरी व बिडीकाम, राहणार सावरबोडी, तालुका देवरी, जिल्हा गोंदिया. नंदलाल टेंभरे यांनी माझ्यावर घरात घुसून झोळी चोरल्याची तक्रार दिली, त्यावरून बोलावले म्हणून आले व सांगते ते असे.

माझा नवरा उमराव चार वर्षांपूर्वी तेंदूपानाच्या ट्रॅक्टरवरून पडला. कमरेखाली जीव नाही. बाकी सगळे कळते. जेवतो, शिव्या देतो, फक्त उठता येत नाही. मुलगी राखी लग्न होऊन बालाघाटकडे गेली. घरात आम्ही दोघेच.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका संस्थेने गावात शिबिर घेतले आणि खाटेवरच्या माणसाला उचलायची मशीन गावाला दिली. चाकांवर लोखंडी खांब, खांबाला पुढे हात, हाताला आकडे. झोळी माणसाच्या अंगाखाली सरकवायची, तिचे चार पट्टे आकड्यांत अडकवायचे आणि दांडा हापशीसारखा मारायचा. माणूस वर येतो. उमराव पहिल्यांदा वर आला तेव्हा म्हणाला, "यशोदा, मी तं विहिरीतली बादली झालो." पण दुखले नाही म्हणाला.

आमचे गाव आणि गावाचीच पलीकडची वस्ती, टोली, यांच्या मधात तलावाची पार, म्हणजे बांध, आहे. मशीन लागणारी माणसे दोनच, गावात माझा नवरा आणि टोलीत म्हातारी जमुनाबाई. मशीन कोणाकडे ठेवायची यावरून दोन्हीकडचे लोक भांडले. तंटामुक्ती समितीची सभा झाली. नंदलाल टेंभरे हे टोलीचे पुढारी, ते समितीत आहेत. निकाल असा झाला की खांब गावातल्या समाजमंदिरात राहील आणि झोळी टोलीत नंदलालच्या घरी राहील. ज्याला लागेल त्याने दुसऱ्याकडून मागून न्यावे, म्हणजे जाणेयेणे राहील, गोडी राहील.

मी उभी राहून विचारले, "खाटेचे पाय एकाच्या घरी अन् निवार दुसऱ्याच्या घरी ठेवून निजता का जी तुमी?"

लोक हसले. नंदलाल म्हणाला, "बाई, बसा. तंटा मिटून राहिला, तुमी कायले वाढवता?" तोवर चहा आला होता. मग फोटो काढला.

जमुनाबाई पावसाळ्यात वारली. तेव्हापासून टोलीत झोळीचे काम कोणाला नाही. तरी झोळी टोलीतच. मी मागून आणायची, काम झाले की परत नेऊन द्यायची, पार उतरून जायचे, पार चढून यायचे. तेही मी केले. तक्रार केली नाही.

दिवाळीनंतर नंदलालला नातू झाला. मी झोळी मागायला गेले तर झोळी त्याच्या घरात आढ्याला टांगलेली आणि आत पोरगं. पाळणा चांगला झाला होता, ते मी नाकारत नाही.

"झोळी पायजे जी," मी म्हटले.

"पोरगं निजून राहिलं ना बाई. उद्या या."

उद्या गेले. सून म्हणाली, "आताच निजला, काकू." त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले, तरी निजलेलाच. मी नंदलालला म्हटले, "सगळी दुनिया लुगड्याचा झोका बांधते, तुमाले काऊन नाही जमत?"

तो म्हणाला, "लुगड्यात पोराची पाठ वाकते."

"अन् माह्या माणसाची पाठ?"

"तो आता मोठा हाय," असे तो म्हणाला. हे जसेच्या तसे लिहा.

झोळी मिळेना म्हणून मी व शेजारीण फुलवंता मडावी, आम्ही चादर त्या आकड्यांना बांधली आणि उमरावला उचलले. गाठ सुटली. तो खाटेच्या कडेच्या लाकडी पाटीवर पडला. वर छपराच्या कवेलूंकडे पाहत राहिला. फुलवंता बाहेर गेली. मी चादर धुवायला घेतली.

त्यानंतर आम्ही त्याला ओढूनच सरकवतो, त्याने कमरेवर जखम झाली. उपकेंद्राच्या निशा सिस्टर पट्टी करायला येतात. त्यांनी ती जखम पाहिली आणि म्हणाल्या की ओढू नका, ओढल्याने कातडी जाते. जखम हाडाला लागली तर गोंदियाला न्यावे लागेल आणि मग काही सांगता येत नाही. काय सांगता येत नाही, ते मी विचारले नाही.

मंगळवारी सकाळी मी नंदलालच्या घरी गेले. दार उघडे होते. दारातून आवाज दिला, त्याने मला पाहिले आणि पुन्हा मोबाईलमध्ये पाहू लागला. मी आत गेले, बाळाला उचलले, त्याच्या आजोबाच्या मांडीवर ठेवले, पट्टे सोडले आणि झोळी नेली. मी बाळाला फेकले असे तक्रारीत लिहिले आहे. ते खोटे आहे. बाळ जागेही झाले नाही. जागे झाले ते नंदलालच्या बोंबलण्याने. निजलेला माणूस कसा उचलायचा ते मला कळते. चार वर्षे मी दुसरे काय केले?

समाजमंदिरातून खांब आणला. फुलवंताने दांडा मारला. त्या दिवशी उमरावची आंघोळ झाली, पाठ पुसली, चादर बदलली. तो म्हणाला, "आज झोप लागते पाह्य."

संध्याकाळी तुमचा शिपाई आला. उमराव झोळीवरच निजला होता. त्याच्या अंगाखालून झोळी ओढून काढली आणि पंचनामा केला. ओढू नका, असे मी दोनदा म्हटले. "मुद्देमाल हाय, ठाण्यात जमा होईल," असे त्याने सांगितले. खांब समाजमंदिरात परत गेला. आता खांब गावात, झोळी ठाण्यात. नंदलालचा नातू लुगड्याच्या झोक्यात निजतो, हे फुलवंताने पाहिले. त्याची पाठ वाकली नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात "चोरली" लिहिले होते तिथे मी "नेली" करायला लावले. बाकी माझेच बोलणे आहे आणि खरे आहे. मला सही येते, अंगठा घेऊ नका. पण सही करण्याआधी ही एक गोष्ट शेवटी लिहायला लावली: निशा सिस्टर शनिवारी पट्टी बदलायला येतात. झोळी देता की नाही, याचे उत्तर मला शुक्रवारपर्यंत पाहिजे. तोंडी सांगा, चालेल. आणि नाही म्हणणार असाल, तर शनिवारी माझ्या नवऱ्याला उचलायला तुमच्यापैकी कोण येणार, त्याचे नाव सांगा.