लेपाखालची पेनी

नोला : मला बसायला सांगू नकोस, मर्व. काय दाखवायचंय ते उभ्याउभ्या दाखव.

मर्व : उभ्यानं दिसणार नाही. भिंग घे. पेनीवरच्या राजाच्या गालावर बघ, कानाच्या जरा खाली.

नोला : शेजारची ग्लेनिस पावणेबाराला मला बसला सोडायला गाडी घेऊन येतेय. पर्थची बस साडेबाराची, दिवसातून एकच. उद्या पहाटे आपल्या रॉसचं विमान आहे, बायकापोरांसकट कायमचं आयर्लंडला. आणि तुझ्या राजाच्या गालाला आजच काहीतरी व्हायचं होतं?

मर्व : गंजाचा हिरवा ठिपका आहे. पारदर्शक लेपाच्या वर नाही, आत.

नोला : वाटीत कशाला बुडवलंयस त्याला? थांब, वाकू दे मला. हं. आहे खरा.

मर्व : बाकीच्या सगळ्या पेन्या सडल्या असत्या तर मी एक शब्द काढला नसता. ही एकोणीसशे तीस सालची आहे, अशा मोजक्याच उरल्यात. बाबांची.

नोला : हे तू मला सांगतोस? लग्न होऊन या घरात आले तेव्हा हिला हात लावायच्या आधी हातमोजे घालायला लावले होतेस.

मर्व : लेप तू दिला होतास. तुझा हात चुकला असं नाही म्हणत मी. तुझ्यासारखा लेप आपल्या नाण्यांच्या क्लबात कुणाला जमत नाही. पण लेपाआधी कुणीतरी हिच्यावर बोललंय. थुंकीचा कण उडाला असणार, तो तसाच आत राहिला.

नोला : कुणीतरी म्हणजे कोण? घरात दोघं. एक तू, तू तर बोलतच नाहीस. मीच बोलले.

मर्व : कधी?

नोला : त्याच दिवशी. नाणं उघडं असताना कुणी तोंड उघडायचं नाही, हा तुझा कायदा, आणि या टेबलावर एखादं नाणं उघडं नसेल असा दिवस मला आठवत नाही. खारा वारा नको म्हणून खिडक्याही बंद. त्या दिवशी माझ्या एका हातात कुंचला होता, दुसऱ्या हातात फोन. मी म्हणाले, रॉस आहे, नोकरी लागलीय त्याला, तुला स्वतः सांगायचंय म्हणतो. तू बोट ओठावर ठेवलंस.

मर्व : लेप अर्ध्यात थांबला की रेघ उमटते.

नोला : नाही उमटली रेघ. सुंदर बसला लेप. रॉसनं जरा वेळ वाट बघितली आणि फोन ठेवला. त्यानंतर एकदा तरी त्यानं तुझ्याशी बोलायला फोन केलाय?

मर्व : मला वाटायचं, कामात असेल.

नोला : एकोणीस वर्षं?

मर्व : ठिपका वाढतोय, नोला.

नोला : वाढू दे. एकोणीस वर्षं आत होता, अजून चार दिवस राहील.

मर्व : चार दिवस नाही राहता येणार. मी लेप काढायला घेतलाय.

नोला : कशात? मर्व, हे गुलाबी आहे. हा वास माझ्या नेलपॉलिश रिमूव्हरचा आहे.

मर्व : शुद्ध ॲसिटोनच्या डब्याचं झाकण उघडेना. हात थरथरतो.

नोला : यात पाणी असतं, अत्तर असतं, तेल असतं. तांब्याला यात घालू नये, हे मला कुणी शिकवलं? मला हाक मारायची होतीस, झाकण उघडून दिलं असतं.

मर्व : तू नखं रंगवत होतीस. गुणगुणत होतीस.

नोला : म्हणून राजाला माझ्या बाटलीत बुडवलंस? आजवर एकही नाणं तू चुकीच्या पाण्यात घातलं नाहीस. आजच कसं घातलंस?

मर्व : तुझं तिकीट बघितलं मी. फ्रिजवर लावलेलं. फक्त जाण्याचं आहे.

नोला : येण्याचं तिथून काढणार होते.

मर्व : तू पाव आणायला निघालीस तरी परत किती वाजता येणार ते सांगून जातेस.

नोला : बरं, ऐक मग. परत यायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. त्यांना निरोप देणार होते, मग विमानतळावर एक कॉफी घेऊन बसणार होते आणि ठरवणार होते. एकटीनं. खिडकीजवळ बसून.

मर्व : मला तीच भीती वाटली.

नोला : मग तसं म्हणायचं होतंस. तोंड होतं ना तुला?

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

मर्व : ग्लेनिस आली. जा तू.

नोला : आता जा म्हणतोस.

मर्व : खरंच जा. पेनी गेली तर गेली.

नोला : लेप मऊ झालाय. आत्ता धुतली नाही तर गाल काळा पडेल. तीनदा धुवायची, दर वेळी दहा मिनिटं, आणि मध्ये कोरडी होऊ द्यायची नाही. तू ते करणार आहेस, या हातांनी? ॲसिटोनचा डबा दे इकडे. नाही, तू नको, सांडशील. मीच घेते.

मर्व : बस चुकेल, नोला.

नोला : मला घड्याळ कळतं. खिडकीतून हात करून सांग तिला, जा म्हणावं.

मर्व : नक्की?

नोला : नक्की काहीच नाही. मला तुझा राग येतोय, पण त्याहून जास्त स्वतःचा येतोय. माझ्या पोराला शेवटचं भेटायचं सोडून मी तांब्याचा तुकडा धुतेय. हे हात सुरू झालेलं काम टाकून उठत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणून आधी बुडवलंस आणि मग मला बोलावलंस.

मर्व : हो.

नोला : हो म्हणालास, तेवढं बरं झालं. तो लाकडी चिमटा दे.

मर्व : ग्लेनिस गेली. लेप सुटतोय का?

नोला : सुटतोय. एका तुकड्यात येतोय, सायीसारखा. ठिपका मात्र गालातच आहे, मर्व. खड्डा पडलाय. लेप काढला म्हणून तो जाणार नाही.

मर्व : रॉस पर्थच्या बसस्टँडवर येणार होता ना तुला घ्यायला?

नोला : सहा तासांनी. फोन लाव त्याला, उगाच ताटकळेल.

मर्व : तू बोल.

नोला : माझे हात ओले आहेत.

मर्व : त्याचा नंबर?

नोला : तोच आहे. त्यानं कधी बदलला नाही.

मर्व : काय सांगू?

नोला : आई येत नाही म्हणून सांग.

मर्व : का, असं विचारलं तर?

नोला : तर सांग त्याला. मीही ऐकते.