ऐनाच्या झाडापाशी रीना उतरते

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या सायकल मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय भैयाजी. प्रमुख पाहुण्या, आपल्या भागाच्या वन अधिकारी माननीय जया मॅडम. व्यासपीठावर यायला नाही नाही म्हणत अखेर येऊन बसलेल्या सत्कारमूर्तीच्या आई, रामबाई परतेकी. समोर बसलेले जंगूभाऊ आणि सालईटोल्याहून टेम्पो करून आलेली समस्त मंडळी. देवळीतले माझे व्यापारी बंधू-भगिनी. खुर्च्या रिकाम्या असतानाही मागे भिंतीला टेकून उभे असलेले तरुण मित्र. आणि जिला निरोप द्यायला आपण जमलो ती आजची सत्कारमूर्ती, कुमारी रीना परतेकी. आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी अंजू टावरी. बस स्टँडजवळ आमचं सायकलचं दुकान आहे हे इथं कोणाला सांगायची गरज नाही, आणि माझा आवाज दुकानापासून बस स्टँडपर्यंत ऐकू जातो हेही सांगायची गरज नाही. निघताना आमच्या ह्यांनी मला बजावलं, की आज चांगलं चांगलं बोल, सत्कार आहे. मी म्हटलं, खरं बोलीन, चांगलं आपोआप होईल. तेव्हा अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरते.

रीना मला पहिल्यांदा भेटली ती दुकानात. अकरावीला वसतिगृहात राहायला आली होती. वडिलांची, म्हणजे जंगूभाऊंची, जुनी काळी सायकल ढकलत आली आणि म्हणाली, "काकू, ब्रेकचे रबर पाह्यजे." मी पाहिलं तर रबर तर नव्हतंच, ब्रेकची तारही नव्हती. म्हटलं, "अगं बाई, अशी सायकल घेऊन तू जंगलातून उतरली? थांबत कशी होती?" तर म्हणे, "पाय हायेत ना." आता सांगा, अशा पोरीला काय म्हणायचं? मी तिला वेडी म्हटलं, आणि दुसऱ्या रविवारी आमच्या मंडळाची माउंटन बाईक तिच्या हाती दिली.

आपल्या जिल्ह्याबद्दल बाहेरच्यांचा एक गोड गैरसमज आहे. त्यांना वाटतं वर्धा म्हणजे सेवाग्राम पाहिलं, पराटीची, म्हणजे कपाशीची, सपाट वावरं पाहिली, संपलं. त्यांना मी म्हणते, या एकदा आमच्या उत्तरेला. सागवान, बांबू, पावलागणिक निसटणारा काळा दगड, आणि खाली धाम नदीची अशी घळ की वरून पाहिलं तर तळ दिसू नये. तिथं सायकल चालवणं हे चालवणं कमी आणि सावरणं जास्त. त्या वाटेवर ही पोरगी अशी जायची की मागून येणाऱ्या आम्हाला फक्त धूळ दिसायची.

म्हणून राज्याची निवड चाचणी सालईटोल्याच्या जंगलात घ्यायचं ठरलं, तेव्हा मी दुकानात पेढे वाटून मोकळी झाले. हिमाचलातल्या राष्ट्रीय शिबिरासाठी मुलींमधून एकच जागा होती, आणि रस्ता रीनाच्या अंगणातला! हरणार कशी?

पण रस्त्यात ऐनाचं झाड होतं.

जंगूभाऊंच्या गावच्या मंडळींना ठाऊकच आहे, पण शहरातल्या पाहुण्यांसाठी सांगते. डोंगरावरून एक घसरणीचा उतार नाल्याकडे येतो. नाल्याकाठी मोठा ऐन आहे, त्याच्या बुडाशी गावाचा देव. त्या देवासमोरून कोणी बसून जात नाही. बैलगाडीवाला खाली उतरतो, मोटारसायकलवाला इंजिन बंद करून ढकलत नेतो. आमच्या जया मॅडमसुद्धा जीपमधून उतरून चालतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाहेरचं कोणी बसून गेलं तरी गाव अडवत नाही, आणि या रीतीबद्दल माझीही तक्रार नाही. पण देवाच्या पुढे लगेच जी खडी चढण लागते ना, तिला गाववाले बैलथांब म्हणतात, कारण तिथं बैलही उभा राहतो. ती चढण सायकलवर काढायची तर उतारावरचा वेग घेऊनच तिला भिडावं लागतं. ऐनापाशी उतरलात, की वेग शून्य. मग बैलथांबच्या पायथ्याशी तुम्ही आणि तुमची सायकल, एकमेकांकडे बघत बसा.

पहिल्या वर्षी काय झालं ते लक्षात आलंच असेल. रीना सगळ्यांच्या पुढे, वाऱ्यासारखी उतार उतरली, आणि ऐनापाशी आल्यावर शांतपणे खाली उतरून सायकल हातात धरून चालायला लागली. मी वरून ओरडते आहे, "रीना! बस ना सायकलवर! अगं, शर्यत आहे ही!" ती बघेना, ऐकेना. बाकीच्या मुली तिच्या बाजूनं सूं सूं निघून गेल्या. प्रत्येक फेरीला हेच. ती तिसरी आली. नाशिकची गुंजन नावाची गुणी मुलगी पहिली आली आणि शिबिराला गेली.

त्या दिवशी मी जे बोलले ते व्यासपीठावरून बोलण्यासारखं नाही. रीनानं सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायली, आणि मला विचारलं, "काकू, शर्यत हाये म्हणून नाई उतरली, तर मंग बाकीच्या दिवशी मी काऊन उतरतो?"

 तिचं मला पटलं असं मात्र कोणी समजू नये. मला तेव्हाही वाटत होतं की ती चुकते आहे, आणि आत्ता हार-तुऱ्यांसमोर उभी राहूनही मला तसंच वाटतं. शर्यत ही शर्यत असते!

दुसऱ्या वर्षी चाचणी पुन्हा तिथंच ठरली. वयाच्या नियमानं रीनाचं हे शेवटचं वर्ष. या खेपेला जागा मिळाली नाही तर कायमचीच हुकली. मी आयोजकांकडे गेले, भांडले, आणि त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की वाट ऐनाला वळसा घालून काढायची. भले लोक, तयारही झाले. मोठ्या तोऱ्यात मी ही बातमी रीनाला सांगितली. ती म्हणते, "नका बदलवू, काकू. उद्या लोकं म्हणतीन, रीनासाठी रस्ता वाकडा केला."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "बाई गं, मग तुझ्या मनात आहे तरी काय?" तर म्हणे, "बैलथांब पायथ्यापासून चढून पाहू ना. थांबल्या जागेवरून." मी म्हटलं, बैल चढत नाही. ती म्हणाली, "बैलाले गिअर नसतात."

मंडळी, मग सुरू झालं वर्षभराचं एकच काम. दर रविवारी मी आणि ती बैलथांबच्या पायथ्याशी. उतरण्याआधीच गिअर हलका करून ठेवायचा. ब्रेक दाबून सायकल धरायची, एक पायडल वर, बूड सीटच्या टोकावर, छाती हँडलवर. आणि मग पहिला दाब असा द्यायचा की पुढचं चाक उचलता कामा नये आणि मागचं फिरता कामा नये. जरा जोर जास्त झाला की मागचं चाक जागीच गरगरतं. कमी झाला की आडवी. ती किती वेळा आडवी झाली याचा हिशेब तिच्या कोपरांना विचारा. मी दगडावर बसून शिव्या घालायची, ती उठून कपडे झटकायची आणि परत पायथ्याशी जाऊन उभी राहायची. रामबाई मधेच भाकरी घेऊन यायच्या, माझ्यापुढे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खाऊन घ्या बाई, वरडून वरडून थकल्या असान." पावसाळा गेला, सोयाबीन निघालं, आणि कापूस वेचणीच्या ऐन हंगामात शर्यत आली.

पहिल्या फेरीत रीना ऐनापाशी उतरली आणि मागे पडली. दुसऱ्या फेरीत उतरली, आणखी मागे पडली. गुंजन या वर्षीही होती आणि पुढेच होती. शेवटच्या फेरीत रीना उताराला लागली तेव्हा माझा धीर सुटला. मी पार खाली नाल्यापर्यंत धावत आले आणि बोंब ठोकली, "उतरू नको! आज तरी उतरू नको!" आणि काय सांगू, ऐनाखाली उभ्या असलेल्या रामबाईसुद्धा गोंडीत हात उडवून ओरडत होत्या. मला वाटलं, त्या देवाची आठवण करून देताहेत. मागून जंगूभाऊंनी अर्थ सांगितला. त्या लेकीला म्हणत होत्या, "देव आपल्या ओळखीचा हाये, त्याच्याशी मी बोलून घेतो, तू जाय सरळ!" इतक्या वर्षांत रामबाईंचं आणि माझं एकमत झालं ते तेवढंच.

आणि ही? ही उतरली! आईचं नाही, माझं नाही, कोणाचंच ऐकलं नाही. चालत देवासमोरून गेली, पायथ्याशी उभी राहिली, छाती हँडलवर टेकवली.

वर बैलथांबचा सगळा दगड त्या दिवशीच्या चाकांनी उकरून मोकळा झाला होता. वेगानं भिडलेली गुंजन अर्ध्या चढणीवर घसरली आणि तिचा पाय टेकला. तिथून पुन्हा बसून निघणं तिला जमेना. चाक फिरायचं, दगड निसटायचे. तिच्यामागच्याही मुली एकेक करून पाय टेकत होत्या आणि सायकली ढकलत होत्या. त्या सगळ्यांच्या मधून रीना आली. हळू आली हो! उगाच कशाला खोटं सांगू, मुंगीच्या चालीनं आली. पण तिचा पाय टेकला नाही. माथ्यावर ती पहिली पोचली, आणि पुढच्या घळीच्या वाटेवर तिला गाठणारं महाराष्ट्रात तरी कोणी नव्हतं. मी तिथंच नाल्याच्या वाळूत बसून मोठ्यानं रडले. लोकांना वाटलं बाईला काही लागलं.

परवा दुकानात तिची सायकल खोलून खोक्यात भरत होतो. मी तिला विचारलं, "हिमाचलात म्हणे वळणावळणाला देवळं असतात. सगळीकडे उतरत बसशील?" ती नट आवळत म्हणाली, "ते त्याहीचे देव, काकू. तिथले लोकं उतरत असतीन तर उतरीन. इचारून घेईन आधी."

तर शिबिराचे जे कोणी प्रशिक्षक असतील, त्यांना माझ्या आत्ताच शुभेच्छा. रीना, उद्या तू देशासाठी खेळशील, मी देवळीत टीव्हीसमोर बसलेली असेन, आणि तू कुठं उतरताना दिसलीस तर मी इथून ओरडीन. सगळी बाजारपेठ ऐकेल. तू ऐकणार नाहीस. ते मला पक्कं माहीत आहे, आणि त्याच भरवशावर मी तुला इतक्या लांब एकटीला पाठवते आहे.

अध्यक्षांनी मला आवरलं नाही याबद्दल त्यांचे आभार. रामबाई, जंगूभाऊ, तुम्ही तुमची लेक रविवारच्या रविवारी माझ्या हवाली केलीत, त्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द नाहीत. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला लागलं असेल, तर माझा स्वभाव ओळखून पदरात घ्यावं. रीना, तुला मात्र ओरडले त्याची माफी मागणार नाही. दुकानात आता मी कोणाला ओरडू, ते मला काही सुचत नाही बाई.

गाडीची वेळ झाली. जाय, पोरी. येजो.