बंद पडलेली थाळी

माझे नाव वीरुपाक्ष गुरुपाद साखरे, वय २३ वर्षे, शिक्षण आठवी (परीक्षेला बसलोच नाही, त्यामुळे नापास लिहू नये), धंदा ठराविक नाही, मूळ राहणार बोरी, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. हल्ली राहणार : लिहिण्यासारखे ठिकाण नाही, जागा रिकामी सोडावी.

आज दिनांक १७ फेब्रुवारी १९८० रोजी ठाण्यात हजर राहून, जमादार दत्तराव यांनी विचारल्यावरून समक्ष सांगतो ते असे :

मी दिवाळीपर्यंत देवगाव फाट्यावर एका ट्रकवर क्लीनर होतो. तिथून जत्रेच्या पाळण्याबरोबर राणीसावरगावला आलो. पाळणेवाल्याशी माझे पटले नाही. पाळण्याचा एक नट ढिला होता, मी सांगितले, तर तो म्हणाला, तू वर बसून बघ मग. जमादार साहेब म्हणतात पाळण्याचे राहू दे, म्हणून राहू देतो.

काल शनिवारी मी पायी निघालो आणि दुपारी मौजे खडकदरा येथे पोहोचलो. खडकदऱ्यात माझे कोणी नाही. रस्ता तिकडून जात होता म्हणून गेलो. काल सूर्याला गिराण लागणार हे सगळ्यांना माहीत होते, मलाही होते. आमच्यात माझा आजा गिराण पाळत नसे, आई पाळायची. काल मी उपाशी होतो, पण ते गिराणामुळे नव्हे.

गावात सगळी दारे लावलेली होती. गल्लीत कुत्रे सोडून कोणी नाही. मी चावडीच्या ओट्यावर बसलो. चावडीच्या भिंतीवर गेरूने सूचना लिहिलेल्या आहेत, त्या वाचल्या, कारण दुसरे वाचायला काही नव्हते. नामांतराच्या दंगलीनंतर ठाण्याने गावोगाव सभा घेतल्या, त्या सभेत हे ठरले होते म्हणतात. अनोळखी माणसाला दार उघडू नये, आधी खिडकीतून विचारावे. उशाला काठी आणि हाताशी तिखटाची पूड असावी. संकट आले तर थाळी वाजवावी. एका घरची थाळी ऐकू आली की दुसऱ्याने आपली वाजवावी, तिसऱ्याने त्याची, आणि सगळ्यांनी काठ्या घेऊन बाहेर पडावे. खाली कोणीतरी कोळशाने बैल काढला होता, तो चांगला काढला होता. जमादार साहेब म्हणतात, सूचना त्यांनीच लिहून घेतल्या होत्या, बैल नाही.

थोड्या वेळाने ऊन पिवळे पडले आणि गार लागू लागले. तेव्हा लिंबाखाली टोपली घेऊन बसलेली एक म्हातारी दिसली. तिचे नाव तानुबाई, गावाबाहेरच्या वस्तीवर राहते. गिराण सुटताना "दे दान, सुटे गिराण" म्हणत दारोदार फिरायचे काम तिच्या घराण्याकडे आहे, म्हणून ती बाहेर होती. ती म्हणाली, "कोन रं तू? गिराणात हिंडायलायस, पोटुशी न्हाईस म्हनून बरं." मी म्हणालो, "मावशी, भाकर हाय का?" ती म्हणाली, "मीच मागायला बसले, अन् हा माझ्याकडं मागायलाय."

एवढ्यात थाळीचा आवाज आला. मग दुसरी थाळी वाजली, मग तिसरी. बघता बघता अख्खे गाव थाळ्या वाजवू लागले. दार मात्र एकही उघडले नाही. आतून लोक ओरडत होते, "कुनाच्या घरी हाय रं?" "काय म्हाईत! वाजवत ऱ्हावा!" एक जण म्हणाला, "गिराण सुटू द्या, निघालोच!" भिंतीवर लिहिलेल्यापैकी अर्धे गावाने बरोबर केले. बाकीचे अर्धे गिराणात करता येत नव्हते.

मी गल्लीच्या मध्ये उभा राहिलो. सगळीकडून थाळ्या, कोणत्या घरात जावे काही कळेना. तानुबाईने कान दिला आणि म्हणाली, "पयली थाळी बारीक वाजत व्हती, पितळंची. ती बंद पडली." तिने बोट केले ते बन्सीधर मुळे यांचे घर. "सून एकटी हाय घरात, कस्तुरा. भरल्या दिवसाची. सासू अन् नवरा गंगाखेडला गेलेत गंगंवर न्हायला."

म्हणजे जिथे गरज होती तेवढेच घर गप्प होते. हे माझ्या ध्यानात आले नसते.

मी म्हणालो, "मावशी, लोकं बाहेर यायलेत का बघ." ती म्हणाली, "त्या दंगलीच्या साली आमच्या वस्तीवरल्या थाळ्या बी अशाच वाजल्या. तवा तर गिराण बी नव्हतं." हे वाक्य मुद्द्याचे नाही, खोडू का, असे जमादार साहेबांनी विचारले. मी म्हणालो राहू द्या. त्यांनी राहू दिले.

बन्सीधर यांचे दार आतून लावलेले होते. मी गोठ्याच्या भिंतीवरून धाब्यावर चढलो. उजेडासाठी ठेवलेल्या भोकावर दगड होता, तो सारला आणि आत उडी टाकली. उडी टाकली असे लिहावे, पण खरे म्हणजे पडलो. उजवे मनगट मोडले. दवाखान्यात बांधून दिले आहे.

आत एक इसम होता. तो मला अनोळखी आहे, त्याचे नाव आता साहेबांकडे आहे. त्याने एका हातात कस्तुराबाईची मान धरली होती, दुसऱ्या हातात थाळी होती. पेटी उघडी होती. तो आत कसा आला ते कस्तुराबाईने नंतर सांगितले. त्याने दाराबाहेरून हाक दिली, "बन्सीधरच्या घरचे हैत का? मालकाला नदीत चक्कर आली, दवाखान्यात हैत, बोलवायलेत." तिने गिराणात दार उघडत नाही म्हटले. तो म्हणाला, "मग तोंड बघायचं न्हाई म्हना की." तेव्हा तिने उघडले. आत येऊन त्याने कडी लावली, तेव्हा ती स्वयंपाकघरात पळाली आणि थाळी घेतली.

मी पडल्यावर तो माझ्यावर आला. माझ्या उजव्या हातावर गुडघा ठेवून बसला आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. मला वरवंटा दिसत होता आणि त्याच्या मागे भोकातून आभाळ, ते दिवेलागणीसारखे झाले होते. खुंटीला विळा होता. त्यानंतर विळा त्याच्या दंडाला लागला. वरवंटा माझ्या कानाजवळ पडला.

जमादार साहेब म्हणाले, "लागला म्हंजे? आपोआप लागला?" मी म्हणालो, पुढचे अगोदर घ्या, ते शेवटी सांगतो.

तो इसम कडी काढून पळाला. कस्तुराबाई भिंतीला टेकून बसली. ती काय बोलली ते आठवत नाही. बाहेर थाळ्या चालूच होत्या.

गिराण सुटल्यावर गावाने अगोदर आंघोळी केल्या आणि मग काठ्या घेऊन निघाले. प्रथम त्यांनी मला बांधले. शेजारीण चतुराबाई ओल्या केसांनी आली होती, ती म्हणाली, "ह्योच! ह्याचं तोंडच सांगायलंय!" कस्तुराबाई म्हणाली, "काकू, ह्यो न्हाई, ह्यो वरून पडला." मग मला सोडले. तो इसम रक्ताच्या मागावरून ओढ्याच्या पुलाखाली सापडला.

आज सकाळी ठाण्याच्या व्हरांड्यात बन्सीधर, त्याची आई सरजाबाई आणि कस्तुराबाई बसले होते. गंगाखेडहून ते रात्रीच आले. सरजाबाईने मला एवढेच विचारले, "विळा कुनी उचलला व्हता?" मी म्हणालो, "मावशी, तुमची सून जीती हाय." ती म्हणाली, "ते दिसायलंय मला. गिराणात पोटुशीनं काई चिरलं की लेकराचा व्हट फाटतो. मागलं लेकरू पोटातच गेलं, तवा बी हिनं अमुशाला सुई धरली व्हती. म्हनून इचारायलेय. विळा कुनी उचलला?" बन्सीधर म्हणाला, "माय, गप की." ती गप झाली नाही. कस्तुराबाईने माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिले आणि मान खाली घातली. मला तेवढ्यात आत बोलावले.

विळा कोणी चालवला असे आता, जबाब चालू असताना आत येऊन बसलेल्या फौजदार साहेबांनी विचारले. विळा मी चालवला.

फौजदार साहेब म्हणाले, "तो म्हणतो बाईनं मारला." मी म्हणालो, "अंधार होता साहेब, त्याला काय दिसणार." साहेब म्हणाले, "तुझा उजवा हात त्याच्या गुडघ्याखाली होता, तूच सांगितलंस." मी म्हणालो, "डाव्या हाताने." साहेब म्हणाले, "पडल्या पडल्या, डाव्या हातानं, खुंटीवरचा विळा?" मी म्हणालो, "माझा हात लांब आहे."

साहेबांनी समजावून सांगितले की, बाईने जीव वाचवायला मारले असेल तर कोर्ट तिला काही म्हणत नाही. मी मारले म्हटले तर मी परक्या घरात वरून उतरलेला, ठावठिकाणा नसलेला माणूस आहे. मला प्रत्येक तारखेला हजर राहावे लागेल, आणि निकाल लागेपर्यंत जिल्हा सोडता येणार नाही. वर्ष लागेल, दोन लागतील. मी कुठेही सलग तीन महिने राहिलेलो नाही, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणूनच विचार करून सांग. कोर्ट तिला काही म्हणणार नाही."

मी म्हणालो, "कोर्ट म्हणणार नाही हो, साहेब."

साहेबांनी चहा सांगितला. मला पण दिला.

आणखी दोन गोष्टी चावडीच्या भिंतीवर लिहाव्यात अशी माझी विनंती आहे. थाळी वाजवायची ती दार उघडून, बाहेर उभे राहून वाजवावी, मग सूर्याचे काही का होईना. आणि घरच्या माणसाचा निरोप घेऊन कोणी आला तर कडी काढायच्या आधी त्याला घरच्या बैलाचे नाव विचारावे. खरा निरोप्या असेल तर घरच्यांनी त्याला नाव सांगून पाठवावे. बन्सीधरच्या बैलांची नावे मला माहीत नाहीत. आता माहीत होतील, कारण समन्स कुठे पाठवायचे असे साहेबांनी विचारले तेव्हा बन्सीधर व्हरांड्यातून आत आला आणि म्हणाला, "आमच्या आखाड्यावर ऱ्हाईल. शेतात खोली हाय, विहीर हाय." वर रिकाम्या सोडलेल्या जागी तसे लिहून घ्यावे : हल्ली राहणार, बन्सीधर मुळे यांचा आखाडा, मौजे खडकदरा, तालुका गंगाखेड.

हा जबाब जमादार साहेबांनी मला वाचून दाखवला. बाकीचा नेहमीच्या आवाजात वाचला. "विळा मी चालवला" एवढे मात्र त्यांनी उठून, दार उघडून, व्हरांड्यापर्यंत जाईल अशा आवाजात वाचले, आणि नीट ऐकू आले नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचले. बाहेरून सरजाबाई म्हणाली, "ऐकलं, ऐकलं. पानी दे गं कुनी तिला, सकाळपासून उपाशी बसलीय." माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिले आहे, बरोबर आहे.

सही करताना जमादार साहेबांनी हळूच विचारले, "डाव्या हातानं विळा चालतो, अन् सही चालंना व्हय रं?" मी म्हणालो, विळ्याला जोडाक्षर नसते.

सही वाकडी आली असली तरी माझीच आहे.

(वीरुपाक्ष गुरुपाद साखरे)